पद्माक्का आणि पाण्यातले लोक

पद्माक्का कुणाच्या घरी गेली आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या आला, की ती आधी तांब्यात डोकवायची आणि मग घरच्यांची खुशाली विचारायची. पाणी ती पीत नसे. न गाळलेलं पाणी तिला चालत नव्हतं. तरी बघायची. तांब्या उजेडाकडे कलता करायची, आतून कडेनं बोट फिरवायची आणि खाली ठेवून द्यायची. काही बोलली नाही, की घरातल्या बायांचा जीव भांड्यात पडायचा. "कुठलं पाणी हे?" असं विचारलं, की त्यांची तोंडं उतरायची. गावात तिला मान होता असं मी म्हणणार नाही. थोडा धाक होता आणि बरीचशी टिंगल होती.

मी तिच्या घरात तीन वर्षं राहिले. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. सांगलीकडून वारणेच्या अंगानं वर गेलं, की डोंगर जवळ यायला लागतात; तिथलं एक गाव. नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथं जे घडलं त्यातल्या माणसांची नातवंडं अजून तिथंच नांदतायत. मिरजेला नर्सचं शिक्षण घेऊन मी तिथल्या प्रसूतिकेंद्रावर रुजू झाले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. पद्माक्कानं दिली. जैन शेतकऱ्याची विधवा, पन्नाशीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत. हळदीचं आणि उसाचं रान स्वतः फिरून बघणारी. तिनं दोनच अटी घातल्या.

"दिस बुडल्यावर चूल पेटवायची न्हाई, आन् पाणी गाळल्याबिगर प्यायचं न्हाई. बाकी तुमी काय करता ते मी इचारणार न्हाई."

पाणी तर मीही गाळून घेत होते. पण तिचं गाळणं निराळं होतं. घागरीच्या तोंडावर जाड पांढऱ्या कापडाची दुहेरी घडी, त्यावर सावकाश सोडलेली धार. गाळून झालं की कापड झटकायचं नाही, पिळायचं नाही. ते उलटं करून त्यावरनं गाळलेलंच थोडं पाणी एका लहान कळशीत ओतून घ्यायची. कापडावर अडकलेले सगळे जीव त्या कळशीत उतरले, की ती कळशी घेऊन पुन्हा पाणवठ्यावर जायची. ओढ्याचं पाणी असेल तर ओढ्यात, विहिरीचं असेल तर विहिरीत. विहिरीसाठी त्या कळशीच्या बुडालाही एक कडी होती. दोराला लावून खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की अलगद उपडी करायची, म्हणजे वरून पडून कुणी मरायला नको.

हे तिच्या धर्मात होतं. गावातल्या इतर जैन बायाही करत. पण पद्माक्का कळशी रिकामी करण्याआधी तीत बघत बसायची. सकाळ-संध्याकाळ, तीस-पस्तीस वर्षं ती हे करत आली होती. कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात कोण असतं, हे तिला भावकी ठाऊक असावी तसं ठाऊक होतं. किडे हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती त्यांना 'लोक' म्हणायची.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं मला ओढ्यावर नेलं. डोंगरातून येणारं पाणी गुडघाभर, खळाळतं, खाली गोटे दिसत होते. तिनं वाकून एक गोटा उचलला आणि पालथा करून माझ्यापुढे धरला.

"बघा. घरात हायत का लोक?"

मला आधी नुसता ओला दगड दिसला. मग तो दगड हलायला लागला. चपटे, तपकिरी, तांदळाएवढे जीव कडेला पळत होते. प्रत्येकाच्या मागं केसासारख्या तीन शेपट्या. एका खाचेत वाळूच्या कणांची एक बारीक नळी चिकटलेली होती आणि तिच्या तोंडातून एक अळी डोकं बाहेर काढून बघत होती.

"ह्या तीनशेपट्या. आन् ह्यो गवंडी. सोताचं घर सोता बांधतो. ही दोघं लय नाजूक. पाणी जरा नासलं, की पयली हीच घर सोडत्यात." गोटा तिनं होता तसाच, होता तिथंच ठेवला. "हे हायत तवर पाण्यात श्वास हाय. एवढंच मला कळतं बाई. त्याच्याम्होरचं तुमच्या दवाखान्याचं."

मला हसू आलं होतं. मी मिरजेला सूक्ष्मदर्शकातून जंतू बघून आले होते. दगडाखालच्या अळ्यांवरून पाण्याची पारख करणारी बाई मला भाबडी वाटली. मी तसं बोलले नाही, पण तिला कळलं असणार. तिला बरंच कळायचं आणि ती बोलायची नाही.

बोलली की मात्र लागायचं. एकदा तालुक्याहून आरोग्य खात्याचे एक निरीक्षक आले होते. चांगले गृहस्थ, पण थट्टेखोर. सोप्यात बसल्या बसल्या म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणे किड्यांचं पाणी पिता?" पद्माक्का आत गेली आणि दोन फुलपात्री घेऊन आली. एकात ओढ्याचं पाणी, त्यात एक तीनशेपटी पोहत होती. दुसऱ्यात जुन्या तळ्याचं, नितळ, आत काही नाही.

"कुठलं घेताय साहेब?"

निरीक्षकांनी हसत तळ्याचं उचललं. तिनं ते झटकन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"त्यात एक जीव जगत न्हाई, आन् तुमी पिणार व्हय?" असं म्हणून ओढ्याचं फुलपात्र पदराखाली धरून ती तशीच भर उन्हात ओढ्याकडे चालती झाली. त्या एका जिवाला परत सोडायला. निरीक्षक तासभर थांबले, ती आली नाही.

आता त्या विहिरीबद्दल सांगते.

गावात फौजेतली माणसं पुष्कळ. त्यात सुभेदार सगळ्यांत मोठे. पहिल्या लढाईत गेलेले, पेन्शनीत आलेले, ताठ कण्याचे. त्यांचा एकुलता एक मुलगा शंकर आफ्रिकेच्या वाळवंटात पडला. तार आली, आणि मागून त्याच्या सोबत्याचं पत्र आलं. शेवटी तो पाणी मागत होता, असं त्या पत्रात होतं. सोबत्यानं ते लिहायला नको होतं. सुभेदारांनी ते पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या महिन्यात वाड्यामागच्या जागेत विहीर खणायला घेतली. गावासाठी. घडीव दगडाची, उतरायला पायऱ्या, वर रहाट, आणि कट्ट्यात बसवलेला शंकरच्या नावाचा दगड. पहिलं पाणी लागलं तेव्हा सुभेदार बादलीत दोन्ही हात बुडवून किती तरी वेळ उभे होते. त्या विहिरीबद्दल गावात कुणी वावगा शब्द काढत नसे. पद्माक्काही तिचं पाणी भरायची आणि म्हणायची, "चांगलं हाय. बारकं बारकं लोक आल्यात र्‍हायला."

सुभेदारांना फौजेतली स्वच्छता गावात आणायची होती. वर्षभरानं त्यांनी वाड्यात खड्ड्याचा संडास बांधला. गावातला पहिला. मी हरखून गेले. जागा कुठली धरावी असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा वाड्याच्या मागचा कोपरा मीच दाखवला. आडोसा होता, बायकांना सोयीचा होता. विहीर तिथून वीस-पंचवीस पावलांवर होती आणि उताराच्या बाजूला होती, हे मला दिसत होतं. पण विहीर बांधीव, मध्ये घट्ट मुरूम. मला काळजी वाटली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, विहिरीचं पाणी खाली गेलं तेव्हा, एका सकाळी पद्माक्का माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पितळी, पितळीत पाणी गाळलेलं कापड पसरलेलं.

"बाई, हे बघा."

कापडावर लाल दोऱ्याचे तुकडे पडल्यासारखे दिसत होते. ते वळवळत होते. त्यांच्यात एक मळकट, जाडसर अळी होती आणि तिला उंदरासारखी लांब शेपटी होती.

"अळ्या आहेत," मी म्हटलं.

"ते मला बी दिसतंय. ह्या उकिरड्याच्या पाण्यात र्‍हाणाऱ्या. शंकरच्या इहिरीत कशाला आल्या?"

"मी औषध टाकते आजच."

मी विहिरीत जांभळ्या खड्यांचं औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं. दोन दिवसांनी कापडावर काही दिसेना. मी पद्माक्काला म्हटलं, "बघा, गेल्या." ती कापडाची घडी करत म्हणाली,

"लोक मारलं तुमी. ती कुठनं आली, ते कुणी बघितलं?"

मी पिशवी उचलून निघाले. केंद्रावर त्या दिवशी दोन बाळंतिणी होत्या.

आठ दिवसांत लाल अळ्या पुन्हा दिसायला लागल्या. याच सुमारास बातमी आली, की इस्लामपूरच्या बाजूच्या नदीकाठच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झालीय. माणसं सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी गेलेली. सुभेदारांनी चावडीत गाव बोलावलं. बायका एका अंगाला बसल्या. मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि शिकवल्याप्रमाणे बोलले. ओढ्याचं पाणी उघडं आहे, वरच्या वस्तीतली गुरं-माणसं त्यात उतरतात, तेव्हा ओढा बंद करावा आणि सगळ्यांनी बांधीव विहिरीचं पाणी प्यावं. माना हलल्या. ओढ्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकायचं ठरलं.

तेवढ्यात बायकांमधून पद्माक्का उठली.

"ओढ्यातलं लोक घरात हायत. काल बघून आले. नासलंय ते इहिरीचं पाणी."

सुभेदार जागचे हलले नाहीत. फक्त त्यांचा हात कोटाच्या छातीशी गेला.

"अक्का, माझ्या पोराच्या नावाची इहीर हाय ती."

"नाव पोराचं हाय, सुभेदार. पाणी त्याचं न्हाई."

कुणीतरी ओरडलं, "गप बस म्हातारे!" सुभेदार उठले आणि चपला न घालताच चावडीची पायरी उतरून गेले. त्या दिवसापासून गाव तिच्याशी बोलेनासं झालं. मीही कामापुरतीच बोलत होते. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. ज्यानं मुलगा गमावला त्याच्या तोंडावर असं बोलतात का?

काट्या पडल्या. त्या बाजूला सारून पद्माक्का रोज ओढ्याचं पाणी आणायची आणि माझ्यासाठी गाळून ठेवायची. मी ते उकळून प्यायचे. गाव विहिरीवर भरत होतं.

याच आठवड्यात सुभेदारांकडे त्यांचे मेहुणे दोन दिवस राहून गेले. नदीकाठच्या गावचे. त्यांचं पोट बिघडलं होतं. सुभेदारांनी निरोप धाडला म्हणून मी जाऊन औषध दिलं. प्रवासात काही खाल्लं असेल, असं ते म्हणाले आणि मीही तसंच समजले. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं तसे ते गाडीत बसून गेले.

ते गेल्यावर चार दिवसांनी हौसाला वांत्या सुरू झाल्या.

हौसा खालच्या आळीतली, एकोणीस वर्षांची. दहा दिवसांपूर्वीच मी तिचं बाळंतपण केलं होतं. मी पोचले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी धुणं धुतलेल्या हातासारखी सुरकुतली होती. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं घातलं, राहीना. दुपारच्या आत ती गेली. तिची सासू मला विचारत होती, "इहिरीचंच पाणी दिलं वं बाई आमी. तुमी सांगितलं तसंच." त्या बाईच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. ती खरंच विचारत होती.

त्याच दिवशी आणखी पाच घरांतून बोलावणं आलं. तालुक्याला माणूस पाठवला. डॉक्टर आणि लस यायला दोन दिवस तरी लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते, तोच विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर विहिरीच्या वरच्या पायरीवर पद्माक्का बसलेली. पाय पसरून, दोन्ही बाजूच्या दगडांना हात टेकून. रहाटाचा दोर तिनं कापून विहिरीत टाकला होता. आता पाणी काढायला पायऱ्यांचीच वाट होती आणि वाटेत ती होती. पुढं पंधरा-वीस बाया घागरी घेऊन, मागं गडी माणसं. कुणी शिव्या देत होतं, कुणी हात जोडत होतं. एकीनं रागानं घागर ढकलली, ती तिच्या कपाळाला लागून रक्त आलं. ती हलली नाही.

"अक्का, उठा," मी वाकून म्हटलं. "घराघरांत माणसं पाण्यासाठी कासावीस झालीत. लोक मारतील तुम्हाला."

ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली.

"माझी सुमन गेली तवा साडेतीन वर्षांची हुती. तवा तळ्याचं पाणी पीत हुतो आमी. त्या आठवड्यात कापडावर हीच, लाल. मी बघितलं हुतं. सासूला बोलले न्हाई. सुनेनं घरच्या पाण्याला नावं ठिवायची कशी?" कपाळावरचं रक्त भुवईवर आलं होतं, ते तिनं पुसलं नाही. "आता तूच सांग. उठू?"

इतक्या दिवसांत तिनं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

गर्दी दुभंगली. सुभेदार येत होते. हातात काठी, डोळे लाल. घरात त्यांचा नातू, शंकरचा पाच वर्षांचा मुलगा, पहाटेपासून ओकत होता. ते पद्माक्काच्या पुढ्यात उभे राहिले.

"ऊठ."

"न्हाई."

"अक्का, मी हात उगारायच्या आधी ऊठ."

"उगारा. पर नातवाला ह्यातला एक थेंब पाजू नगा."

काठी वर गेली होती की नाही, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की त्या क्षणी माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जुळत गेल्या. मेहुणे. त्यांचं बिघडलेलं पोट. मी दाखवलेला कोपरा. आणि तीन आठवड्यांपूर्वीची पितळी. अळ्या आल्या तेव्हा रोग आला नव्हता. पण रोगाला यायची वाट तेव्हाच उघडली होती, आणि त्या बाईनं ती मला ताटात घालून दाखवली होती.

"सुभेदार," मी म्हटलं. "तुमचे पाहुणे वाड्यातल्या संडासालाच जात होते ना?"

ते माझ्याकडे वळले. फौजेतला माणूस, जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी वाड्याच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग विहिरीकडे, मग मधल्या उताराकडे.

"जागा तुमी दावली हुती," ते म्हणाले.

"हो. मीच."

मग सुभेदारांनी काठी खाली ठेवली.

"खात्री कशी करायची?"

"खड्ड्यात काहीतरी वासाचं ओतायचं. पाझर असेल तर विहिरीत वास येईल."

रॉकेल त्या वेळी रेशनवर मिळायचं. घरोघर दिव्यात चमच्यानं मोजून घालायचे. सुभेदारांनी घरातला भरलेला डबा आणायला लावला. विहिरीत रॉकेल उतरलं तर ती विहीर कायमची गेली, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यांनी डबा कुणाच्या हातात दिला नाही. स्वतः खड्ड्यात उपडा केला आणि त्यावर पन्नास घागरी पाणी ओतायला लावलं.

"तवर काय प्यायचं?" गर्दीतून कुणी विचारलं.

मी पद्माक्काकडे बघितलं, तिनं माझ्याकडे.

"ओढ्याचं गाळून आणते मी," ती म्हणाली. "ही उकळून दील. दोन्ही र्‍हाऊ द्या."

तो सगळा दिवस आम्ही दोघींनी तेच केलं. तिच्या अंगणात तीन चुली पेटल्या. ओढ्यावरून बाया आणत होत्या, ती गाळत होती, मी उकळत होते, आणि घरोघर जात होतं. खालच्या आळीतला एक म्हातारा दुपारी गेला. मग चुली बायांवर सोपवून मी सुभेदारांच्या नातवापाशी बसले आणि दर पाच मिनिटांनी त्याला चमचाभर पाणी घालत राहिले. दिवस मावळायच्या आधी त्यानं लघवी केली, तेव्हा त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडली. सुभेदार दाराबाहेर उंबऱ्यावर बसून होते. आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत सगळं गाव विहिरीभोवती उभं होतं. पद्माक्का पायरी सोडून बाजूला झाली. सुभेदार एकटे खाली उतरले. त्यांच्या पायताणांचा आवाज प्रत्येक पायरीवर ऐकू येत होता. खाली पाण्याशी पोचल्यावर ते वाड्याच्या बाजूच्या भिंतीकडे गेले. तिथं दोन दगडांच्या सांध्यात एक काळसर ओली रेघ होती. त्यांनी त्या सांध्यावर हात फिरवला आणि तो नाकाशी नेला.

वरून आम्हाला चेहरा दिसत नव्हता, फक्त त्यांचा फेटा.

वर आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. हात तसाच पुढं धरलेला. रॉकेलचा वास पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना आला.

"ओढ्याच्या वाटंवरल्या काट्या काढा," ते म्हणाले. मग पद्माक्काकडे न बघता, "अक्का, माझी चूक झाली."

"चूक कुणाची बी न्हाई," ती म्हणाली. "पाणी दगडातनं वाट काढतंच." आणि मग कपाळावरची जखम चाचपत, नेहमीच्या कोरड्या आवाजात, "दोर मी कापलाय. नवा आणून देते."

दुपारी तालुक्याचे डॉक्टर आले, लस टोचली गेली. नंतर कुणी दगावलं नाही. सुभेदारांनी संडास स्वतःच्या हातानं पाडला, खड्ड्यात चुना भरला, विहीर बुजवली. शंकरच्या नावाचा दगड काढून घरात नेला. हौसाचं पोर तिच्या सासूनं शेळीच्या दुधावर वाढवलं. त्या घरात मी नंतरही जात राहिले. सासू मला बसायला पाट द्यायची, आणि आमच्या दोघींत ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं बोलणं व्हायचं.

मी पद्माक्काची माफी मागितली. ती हळद निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुला म्हाईत नव्हतं, म्हणून तू चुकलीस. मला म्हाईत हुतं, तवा मी गप बसले हुते. कुणाचं मोठं ते तूच बघ," एवढंच म्हणाली आणि सुपातलं एक किडकं हळकुंड बाजूला टाकलं. यानंतर सुमनचं नाव तिनं माझ्यापाशी काढलं नाही.

मी मात्र बदलले. बाळंतिणीच्या घरी गेले, की आधी त्यांच्या पाणवठ्यावर जाऊन दगड पालथा करून बघायला लागले. त्यावरून रोगाचे जंतू आहेत की नाहीत ते कळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. तीनशेपट्या असल्या तरी मी पाणी उकळायलाच सांगायचे. पण त्या नसल्या, तर मी तिथून उठत नसे. कुठून काय मिसळतंय ते सापडेपर्यंत हिंडायचे. माझ्या वरिष्ठांना ते विचित्र वाटायचं. चालायचंच.

लढाई संपली त्या वर्षी माझी बदली औंधला झाली. त्याच सुमारास सुभेदारांनी दुसरी विहीर खणायला घेतली होती. या वेळी घरापासून लांब, रस्त्याकडेच्या रानात, चढाच्या बाजूला. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या आधी पद्माक्काला बोलावणं धाडलं. मी सोबत गेले. तिनं पहिली बादली गाळली आणि कळशीत बघितलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली.

सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी वाईट?"

"वाईट न्हाई. नवं हाय. ह्या पाण्याची अजून कुणाला खबर न्हाई. येतील. कोण येतंय ते बघू, मग सांगीन. तवर उकळून प्या."

"कवापातूर?"

"मी सांगेपातूर."

तेव्हापासून ती रोज त्या रानात जायची. सुभेदारही जायचे. दोघं काय बोलायची कुणास ठाऊक. गावातले लोक म्हणायचे, काहीच बोलत नाहीत.

मी निघाले त्या सकाळी तिनं मला खोलीतच निरोप दिला. "मोटारीवर येत न्हाई मी. मला जमत न्हाई ते," म्हणाली आणि माझ्या पाठीवर एक थाप मारून, माझ्या आधीच घराबाहेर पडली.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढावर धापा टाकत होती. सुभेदारांच्या रानापाशी आली तेव्हा तिचा वेग पायी चालण्याएवढा झाला होता, म्हणून मला नीट बघता आलं. विहिरीचं तोंड अजून बांधलेलं नव्हतं. कडेची माती ओली, सैल. त्या कडेवर पद्माक्का गुडघे टेकून पार वाकली होती, निम्मी विहिरीत. तिच्या कमरेला जाड दोर बांधला होता आणि दोराचं दुसरं टोक मागं दहा हातांवर सुभेदारांनी मनगटाला वेढे देऊन धरलं होतं. पाय रोवून, पाठ ताठ करून, कवायतीला उभं राहावं तसे.

मोटारीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. मला ओळखलं. मोकळ्या हातानं त्यांनी सलाम ठोकला.

मी हाक मारली, "अक्का!"

ती वळली नाही. खाली तिला काहीतरी दिसलं असावं. ती आणखी वाकली. सुभेदारांनी सलामाचा हात झटकन खाली घेतला आणि दोन्ही हातांनी दोर आवळून धरला.